परसबागेतील तण : काम पावसाआधीचे

मृगाच्या सरी पडू लागल्या की मावळात घरोघरी परसात काही ना काही लावण्याची लगबग सुरू होते. काकडी, दोडका, पडवळ, कारले, भेंडी, घेवडा यांचे बी टोकले जाते. वांगी-मिरचीची चार रोपे लावली जातात. आरंभ उत्साहाचा असतो. पुढे भाताच्या लावणीची घाई येते. घरातील सारी माणसे खाचरात उतरतात आणि परसाकडे पाहावयास कोणासच सवड राहात नाही. लावणी आटोपून गणपतीच्या सुमारास परसाकडे लक्ष जाते, तेव्हा कमरेएवढ्या रानात भाजीचे वेल शोधावे लागतात. मग घरातील वडीलधारी माणसे निर्वाळा देतात की, 'आपल्या पावसात भाजी होत नाही.'

हा निर्वाळा पूर्णपणे खरा नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वडगाव, तळेगावकडे जाता तो झपाट्याने कमी होतो. पश्चिम मावळातील संततधारेत मुळे कुजतात, फुले गळतात, हे खरेच आहे. परंतु ज्या परसात पाण्याचा निचरा चांगला आहे आणि वेलांस मांडव आहे तेथेही भाजी हाती लागत नाही, याचे कारण पुष्कळदा पाऊस नसून तण असते. 'तण खाई धन' ही म्हण शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु परसबागेस ती लागू आहे असे त्यास सहसा वाटत नाही, कारण परसबाग म्हणजे फावल्या वेळचे काम अशी समजूत आहे. मावळात फावला वेळ नेमका जुलै-ऑगस्टमध्ये नसतो आणि तण नेमके त्याच दिवसांत फोफावते. तेव्हा तणाचा बंदोबस्त पावसात करू म्हणणे व्यवहारात उतरत नाही. त्यातील निम्म्याहून अधिक काम चैत्र-वैशाखात उरकले पाहिजे.

भातशेतीचा धडा

हा विचार मावळच्या शेतकऱ्यास नवा वाटण्याचे कारण नाही. भाताचे बी पेरण्यापूर्वी राब भाजण्याची चाल या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जमीन भाजली की वरच्या थरातील तणाचे बी जळते आणि रोपे स्वच्छ जमिनीत उगवतात. राबापायी शेणखत वाया जाते, झाडांची तोड होते. म्हणून शेतीशास्त्र त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करण्याचा सल्ला देते, आणि तो योग्यच आहे. परंतु राबामागील तत्त्व मात्र बिनचूक होते. ते असे की, पिकाचे बी जमिनीत जाण्यापूर्वी तणाचे बी मारावे.

भाताचे दुसरे संरक्षण म्हणजे खाचरातील उभे पाणी. चिखलणीत उगवते तण गाडले जाते आणि साठलेल्या पाण्याखाली पुष्कळशा तणांचे बी उगवत नाही. म्हणूनच एक-दोन बेणण्यांत भात निभावून जाते. परसबागेत मात्र राबही नाही आणि उभे पाणीही नाही. तेथे पाण्याचा निचरा करावा लागतो, म्हणजे जमीन ओलसर, मोकळी व हवेशीर राहते. तणास याहून अधिक सोयीची जागा कोणती असणार? भाताच्या अनुभवावरून 'एकदा बेणले की झाले' असे समजणारा शेतकरी येथेच फसतो.

शत्रूची ओळख

सर्व तणे एकाच उपायाने जात नाहीत. त्यांचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत.

पहिला वर्ग बियांपासून उगवून एका हंगामात संपणाऱ्या तणांचा. टाकळा, कुर्डू, काटेमाठ, घोळ, ओसाडी व गाजरगवत ही त्यांतील नेहमीची नावे. यांचे सारे बळ बियांत असते. गाजरगवताचे एक चांगले वाढलेले झाड हजारो बिया देते. हे गवत पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ते देशभर पसरले. आज रेल्वेमार्गाच्या कडेला, महामार्गालगत, बांधकामासाठी आणून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर ते मावळातही सर्वत्र दिसते. या वर्गातील तण फुलावर येण्यापूर्वी उपटले तर त्याचा वंश तेथेच खुंटतो. फुलावर आल्यानंतर उपटणे म्हणजे पुढील अनेक वर्षांची पेरणी आपल्याच हातांनी करणे होय, कारण पुष्कळशा तणांचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि माती उलथून उजेड मिळाला की उगवते.

दुसरा वर्ग लव्हाळा व हरळी यांसारख्या बहुवर्षायू तणांचा. लव्हाळ्याचे बळ जमिनीखालील गाठींत असते. या गाठी माळेप्रमाणे एकमेकींस जोडलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक वरच्या वीतभर थरात असतात. माळ अखंड असेतो पुष्कळशा गाठी निद्रिस्त राहतात. ती तुटली की सुटी झालेली गाठ नवा कोंब देते. म्हणून पावसात लव्हाळ्याची नुसती पाती खुरपणे, किंवा कुदळीने माती हलवून गाठी तेथेच सोडून देणे, म्हणजे त्याची लावणीच करणे ठरते. हरळीचेही तसेच आहे. तिचा पेराचा एक तुकडा ओल्या मातीत राहिला तरी पुरे. ही तणे उन्हास व सावलीस भितात, खुरप्यास नव्हे.

केना दिसावयास साधा असला तरी तो या दोहोंच्या मधला आहे. त्याचे तुटलेले खोड पेराशी मुळे धरते. शिवाय वर निळी फुले येत असतानाच जमिनीखालीही त्यास फुले येऊन बी धरते. म्हणून केना वरून कापून चालत नाही; तो मुळासकट उपटून वाफ्याबाहेर न्यावा लागतो.

पावसाआधीची चार कामे

पहिले काम जागा खणण्याचे. एप्रिल महिन्यात परसातील वाफ्यांची जागा सुमारे वीतभर खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या मुळ्या हाताने वेचाव्यात आणि दगडावर किंवा पत्र्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. ढेकळे उलथून आठ-दहा दिवस तापू दिली की राहिलेल्या गाठींपैकीही पुष्कळ सुकून मरतात. मावळातील ऊन हे शेतकऱ्यास फुकट मिळणारे तणनाशक आहे. परंतु ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच मिळते. पुढील चार महिने ते दुर्लभ असते. एका उन्हाळ्यात लव्हाळा जाईल अशी आशा मात्र धरू नये. लागोपाठ दोन-तीन उन्हाळे हे काम नेटाने केले म्हणजे त्याचा जोर मोडतो.

दुसरे काम वाफा तापविण्याचे. वाफे सारखे करून पाणी द्यावे आणि त्यांवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून त्याच्या कडा मातीत गाडाव्यात. चार ते सहा आठवड्यांत आतील ओलसर माती इतकी तापते की वरच्या थरातील बरेचसे बी मरते. हा राबच होय, परंतु विस्तवावाचूनचा. कागद पारदर्शकच हवा. पावसाळ्यात पडवीस लावावयाचा निळा वा काळा कागद या कामी तितका उपयोगी नाही, कारण त्यातून सूर्याची उष्णता मातीपर्यंत नीट पोहोचत नाही. लव्हाळ्याच्या गाठी या उपायाने खात्रीने मरत नाहीत. त्यांस वरील खणणीच हवी.

तिसरे काम, ज्यांना कागद विकत घेणे नको असेल त्यांच्यासाठी, तण फसविण्याचे. मेच्या मध्यास वळवाची सर आली, अथवा ती न आल्यास घरच्या पाण्याने, वाफे भिजवावेत आणि काहीही न पेरता दहा-बारा दिवस थांबावे. तणाचे बी उगवून हिरवी लव दिसू लागली की खुरप्याने वरवर, बोटाच्या पेराएवढीच, माती खरवडून ती उन्हात मारावी. वेळ मिळाल्यास पुन्हा एकदा तसेच करावे. त्यानंतर बी टोकताना माती खोल उकरू नये. खोल उकरली म्हणजे खालचे बी वर येते आणि सारे श्रम वाया जातात.

चौथे काम उकिरड्यावर लक्ष ठेवण्याचे. पुष्कळशा परसांत तण शेजारून येत नाही, ते शेणखताच्या पाटीतून येते. गुरांनी खाल्लेल्या गवताचे बरेचसे बी पोटातून जिवंत बाहेर पडते. खत ढिगात नीट कुजले, त्यात उष्णता धरली आणि ढीग एक-दोन वेळा उलथला गेला, तरच ते बी मरते. अर्धवट कुजलेले शेण वाफ्यात घालणे म्हणजे खताबरोबर तणही पेरणे होय.

पावसातील काम : रोज एक वाफा

ही चार कामे झाली तरी पावसात तण मुळीच येणार नाही असे नव्हे. ते कमी येईल आणि आटोक्यात राहील. भाजीस तणाचा खरा जाच पहिल्या चार ते सहा आठवड्यांत होतो. त्या मुदतीत वाफा स्वच्छ राहिला तर पुढे भाजीच तणास सावलीखाली दाबते. म्हणून सारी परसबाग एकाच दिवशी खुरपण्याचा बेत करू नये. तो दिवस लावणीच्या हंगामात उगवतच नाही. परसाचे सात लहान वाफे करावेत, प्रत्येकाची रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल इतकी, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन फूट ठेवावी आणि रोज एका वाफ्याचे तण काढावे. आठवड्याने त्याच वाफ्याची पाळी येते तेव्हा तण बोटभरच असते. एका वाफ्यास थोडाच वेळ लागतो. तेवढा वेळ खाचरातून घरी परतल्यावरही निघू शकतो.

पावसात खुरप्यापेक्षा हात बरा. देशावर तण खुरपून तेथेच टाकले तर तासाभरात उन्हाने मरते. लोणावळ्याच्या झडीत तेच तण वाफ्यात टाकले तर दोन दिवसांत पुन्हा मुळे धरते. देशावरची रीत घाटमाथ्यावर जशीच्या तशी चालत नाही, ती अशी. उलट, भिजलेल्या मातीतून कोवळे तण मुळासकट सहज निघते, हा पावसाचा फायदा घ्यावा. उपटलेले तण पाटीत भरून वाफ्याबाहेर न्यावे. बी न धरलेले तण खताच्या खड्ड्यात टाकावे. हरळी, लव्हाळा व केना आधी एखाद्या जुन्या पिंपात पाण्याखाली पूर्ण कुजू द्यावेत आणि मगच खड्ड्यात घालावेत. गाजरगवत उपटताना हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हातास बांधावी, कारण त्याने कित्येकांच्या अंगास खाज सुटते व दम्याचा त्रास होतो.

आच्छादनाविषयीही थोडे तारतम्य हवे. वाळलेला पाला, भाताचे तूस किंवा गिरिपुष्पाचा पाला यांचा चार बोटे जाड थर तणास उजेड मिळू देत नाही, आणि मुसळधार पावसात मातीही धुपू देत नाही. परंतु पश्चिम मावळात असा थर रोपाच्या बुंध्याशी टेकला की बुंधा कुजतो आणि गोगलगायींना आयती जागा मिळते. म्हणून आच्छादन ओळींच्या मध्ये घालावे, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. जाड थर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात घालणे अधिक इष्ट.

मांडव हेही एक आच्छादनच आहे. दोडका, पडवळ, कारले यांचा दाट मांडव झाला की त्याखालील लव्हाळा निस्तेज होतो. मांडवाखाली, सांडपाण्याच्या वाटेवर अळू लावण्याची आपल्या आज्यांची रीत या दृष्टीने फार शहाणपणाची होती. मोकळी जागा ठेवली की तण येते. तिथे भाजी ठेवली की तणास जागा उरत नाही.

बांध व उतार यांच्याबाबत मात्र उलट नियम पाळावा. तेथील गवत खणून काढू नये. एवढ्या पावसात उघडा पडलेला उतार एका हंगामात वाहून जाईल. तेथे फुलोऱ्यापूर्वी विळ्याने कापणी करावी आणि मुळे जमिनीत राहू द्यावीत. गणपतीस वाहावयाच्या दूर्वा म्हणजे हरळीच होय. वाफ्यात जी वैरीण, तीच बांधावर मातीस धरून ठेवणारी सखी ठरते.

ताटातील तण

ज्यास शेतीत तण म्हणतात त्यातील कित्येक वनस्पती मावळच्या घरांत भाजी म्हणून आवडीने खाल्ल्या जातात. आषाढात कोवळा टाकळा, कुर्डू, माठ, घोळ व केन्याची भजी हे पदार्थ येथील गृहिणीस शिकवावे लागत नाहीत. तेव्हा ही तणे खुडून खाणे हाही निर्मूलनाचाच एक प्रकार समजावा. त्यात अट एकच : कोवळी असताना सारी खुडावीत, 'राहू दे थोडी पुढच्या वर्षासाठी' म्हणून बी धरू देऊ नये. रानात ती भरपूर असतात. वाफ्यात त्यांचे बियाणे राखण्याची गरज नाही. ओळख पक्की असेल तीच भाजी घ्यावी. रस्त्याच्या कडेची किंवा फवारणी झालेल्या जागेची घेऊ नये. मुतखड्याचा विकार असलेल्यांनी घोळ व आंबुशी बेताने खावी.

तणनाशक परसात नको

मजूर मिळत नाहीत, घरातील तरुण तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत किंवा लोणावळ्याच्या हॉटेलांत कामास जातात, तेव्हा औषध मारून मोकळे व्हावे असा विचार बळावत आहे. शेतातील पिकात, शिफारस पाहून, योग्य मात्रेने तणनाशक वापरणे हा स्वतंत्र विषय आहे. परसबागेचा प्रश्न वेगळा आहे. तेथे एका वाफ्यात पाच भाज्या असतात. एकीस न बाधणारे औषध दुसरीस मारते. तेथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात, विहीर वा नळ जवळ असतो, आणि दुपारी जे खुडले ते संध्याकाळी शिजते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केला. त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली. शास्त्रज्ञांत याविषयी मतभेद आहेत. परंतु अर्ध्या गुंठ्याच्या भाजीसाठी हा वाद अंगावर घेण्याचे कारण नाही.

येथे आणखी एका गोष्टीची सूचना दिली पाहिजे. भातातील रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे २,४-डी हे औषध वाऱ्याबरोबर उडून परसातील टोमॅटो, वांगी, भेंडी व वेलभाज्यांवर पडले तर त्यांची पाने पिळवटतात. त्याच पंपाने, तो नीट न धुता, पुढे भाजीवर कीटकनाशक फवारले तरी तोच परिणाम होतो, आणि रोग पडला असे समजून शेतकरी भलतीच औषधे मारीत बसतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, हे उत्तम.

हे काम कोणाचे?

परसबाग बाईची आणि शेत पुरुषाचे, ही वाटणी बहुतेक घरांत गृहीत धरलेली असते. लावणीच्या दिवसांत बाई दिवसभर वाकून रोप लावते, घरी येऊन चूल पाहते, आणि परसातील तणाचाही दोष तिच्याच माथी येतो. हे न्याय्य नाही आणि फलदायीही नाही. उन्हाळ्यातील खणणी, वाफे तापविणे, मांडव घालणे ही अंगमेहनतीची कामे पुरुषांनी एप्रिल-मेमध्ये उरकून दिली, तर पावसात बाईवर पडणारा भार निम्म्यावर येईल. पोषणासाठी परसबाग हवी असे सर्वच म्हणतात. जे अन्न साऱ्या घराने खावयाचे, त्यासाठी साऱ्या घराने राबावे, हे ओघानेच आले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही आपल्या कामाच्या वेळापत्रकाचा विचार करावा. बचत गट, शाळा व अंगणवाड्यांमार्फत परसबागांचा प्रसार होत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जूनमध्ये बियाण्याची पाकिटे वाटून, वाफ्यांशेजारी छायाचित्रे काढून काम पुरे झाले असे मानले, तर ती बाग ऑगस्टअखेर रान होते, आणि पुढील वर्षी ते पाकीट उघडण्याचीही कोणास इच्छा राहात नाही. एकदा हरलेला शेतकरी दुसऱ्यांदा सहज तयार होत नाही. फुकट गेलेल्या बियाण्याहून हे नुकसान मोठे आहे. यास्तव पहिली भेट एप्रिलमध्ये, हाती खुरपे व कुदळ घेऊन व्हावी. दुसरी भेट मेअखेर, उगवलेले तण खरवडताना व्हावी. बियाणे ज्यांचे वाफे तयार आहेत त्यांना आधी द्यावे. आणि गावात परसबागा किती, याची मोजणी जूनमध्ये न करता सप्टेंबरमध्ये करावी. त्या वेळी ज्या परसातून भाजीची पाटी निघेल, तीच बाग खरी.

मावळच्या शेतकऱ्याने भाताच्या बाबतीत ही शिस्त कधीच आत्मसात केली आहे. बियाणे पेरण्यापूर्वी जमीन शुद्ध करावी लागते, हे त्यास सांगावे लागत नाही. तीच शिस्त घरामागच्या चार वाफ्यांस लावली, तर संततधारेच्या दिवसांत बाजाराचा रस्ता न धरताही घरच्या ताटात ताजी भाजी येईल. त्यासाठी पावसाची वाट पाहू नये. चैत्राचे ऊन डोक्यावर असतानाच कुदळ हाती घ्यावी.